एक कांदा, पाच बैठका: घरच्या ओट्यावर पेशी आणि जीवरसायनशास्त्र

आठवी-नववीतल्या कुठल्याही मुलाला पेशीची आकृती काढायला सांगा. हाफ फ्राय अंड्यासारखा एक गोल निघतो, मध्ये केंद्रक, बाजूला तंतुकणिका, आणि तिच्यापुढे बाण काढून लिहिलेलं असतं ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र’. मार्क मिळतात. मग त्याच मुलाला विचारा, टोपलीत पडलेला कांदा रडवत नाही, चिरल्यावरच का रडवतो? तिथं गाडी अडते.

गंमत अशी, की या एका प्रश्नाच्या उत्तरात पेशीची रचना आणि तिचं रसायनशास्त्र दोन्ही आहेत. कांद्याच्या पेशीत रडवणारा वायू तयार नसतो. तो तयार करायचं सामान असतं, पण एक वस्तू एका खोलीत आणि दुसरी दुसऱ्या खोलीत. सुरी मधली भिंत तोडते, दोन्ही एकत्र येतात आणि तुमच्या डोळ्यांत पाणी. पेशी म्हणजे रसायनांनी भरलेली पिशवी असं समजून पाठांतर केलं की हा विषय कोरडा होतो. कुठलं रसायन कुठल्या भिंतीआड ठेवलंय हे बघत गेलं की तो सुटत जातो.

म्हणून हा लेख एका कांद्याभोवती रचला आहे. पाच बैठका, प्रत्येक साधारण तासाभराची. दर बैठकीत आपण कुठली तरी एक भिंत मोजणार, बघणार, हलवणार किंवा फोडणार. क्रम मात्र बदलू नका. बहुतेक जण उत्साहात पाचवी बैठक, म्हणजे डीएनए काढण्याचा प्रयोग, आधी करतात. पांढरे धागे दिसतात, टाळ्या होतात, आणि साबण कशासाठी घातला हे कुणालाच सांगता येत नाही.

आधी सामान

लाल किंवा जांभळट सालीचे सहा-सात मध्यम कांदे घ्या. अलिबागचा पांढरा कांदा खायला उत्तम, पण तिसऱ्या बैठकीत तो कामाचा नाही. त्यात रंगच नाही. दोन बटाटे, मीठ, खाण्याचा सोडा, लिंबू आणि भांडी घासायचं लिक्विड घरात असतंच.

मेडिकलमधून बीटाडीनची (जखमेवर लावायचं आयोडीनचं द्रावण) छोटी बाटली आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. पेरॉक्साइड आपल्याकडे बहुतेकदा ६ टक्क्यांचं मिळतं. तेवढंच पाणी घालून ते ३ टक्क्यांवर आणायचं. बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय वापरू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल मेडिकलमध्ये नाही मिळालं, तर मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ‘आयपीए’ म्हणून मागा. मेथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतं, कारण माशांच्या बुरशीवर तेच वापरतात.

सूक्ष्मदर्शक शाळेचा मिळाला तर प्रश्न मिटला. नाहीतर फोल्डस्कोप चालतो. स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेला हा घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक साधारण १४० पट मोठं दाखवतो, आणि कांद्यासाठी बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं. सोबत स्लाइड, कव्हरस्लिप, ड्रॉपर, बारीक टोकाचा चिमटा, नवं ब्लेड आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा.

दोन गोष्टी कडक पाळा. अल्कोहोल उघडं असताना गॅस, उदबत्ती, निरांजन काहीही पेटतं नको. आणि पेरॉक्साइड, ब्लेड, अल्कोहोल ही मुलांनी एकट्यानं हाताळायची सामग्री नाही.

पहिली बैठक: कांदा कशाचा बनलाय

एक कांदा सोलून पातळ काप करा, बरोबर १०० ग्रॅम मोजा आणि ताटात पसरून उन्हात ठेवा. हा प्रयोग उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात बुरशीचा प्रयोग होईल. रोज वजन लिहून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की काट्यावर बारा-तेरा ग्रॅमच्या आसपास काहीतरी उरलेलं असेल. ताज्या कांद्यात साधारण ८९ टक्के पाणी असतं. उन्हानं शेवटचा ओलावा जात नाही, म्हणून आकडा थोडा जास्त येतो.

जीवरसायनशास्त्राची सुरुवात या रिकाम्या होत गेलेल्या ताटापासून व्हावी असं मला वाटतं. पेशीतलं जवळजवळ सगळं रसायन पाण्यात घडतं, आणि पाण्यात काय विरघळतं, काय नाही, यावरच पेशीची बांधणी उभी आहे.

पाणी सोडून १०० ग्रॅम कांद्यात साधारण ९ ग्रॅम कर्बोदकं, एक ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि जेमतेम ०.१ ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. थोडे क्षार, जीवनसत्त्वं आणि केंद्रकाम्लं (डीएनए, आरएनए) उरल्या जागेत. आता त्या ०.१ ग्रॅमकडे बघा. आहारतक्त्यात हा आकडा कुणी वाचतही नाही, पण पेशीतल्या सगळ्या आतल्या भिंती याच्याच आहेत.

पेशीचं पटल दोन पदरी असतं. प्रत्येक पदर स्निग्ध रेणूंचा. रेणूंची डोकी पाण्याकडे, शेपट्या आत एकमेकींकडे. शेपट्यांना पाणी नको असतं, म्हणून ही रचना आपोआप जमून येते, कुणी गवंडी लागत नाही. जाडी ७ ते ८ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा लाखावा भागही नाही. असं एक चौरस मीटर पटल बनवायला साधारण ४ मिलिग्रॅम स्निग्ध पदार्थ पुरतात. कांद्यातला सगळा स्निग्धांश पटलातच आहे असं धरलं, तर ०.१ ग्रॅममध्ये सुमारे २५ चौरस मीटर पटल झालं. मुंबईतली एक रूम-किचनची जागा, एका कांद्यात घडी घालून ठेवलेली.

हा हिशेब माझा असला तरी युक्ती जुनी आहे. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघा डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरवली आणि तिचं क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. पटल दोन पदरी आहे हे त्यावरून कळलं.

आता कर्बोदकं. एका बशीत बटाट्याची चकती, दुसरीत भाताच्या पेजेचा चमचा, तिसरीत कांद्याची फोड. बीटाडीनच्या एका थेंबात आठ-दहा थेंब पाणी मिसळा आणि तिन्हींवर टाका. बटाटा आणि पेज निळीकाळी होतील. कांदा तपकिरीच राहील.

इथं मुलं म्हणतात, ‘प्रयोग फसला’. फसलेला नाही. कांदा आपला साठा पिष्टमय पदार्थाच्या रूपात ठेवतच नाही. तो ग्लुकोज, फ्रुक्टोज, साखर आणि फ्रुक्टोजच्या छोट्या साखळ्या ठेवतो. आयोडीनचा निळा रंग येतो तो पिष्टाच्या लांब, स्प्रिंगसारख्या वेटोळ्यात आयोडीन अडकल्यामुळे. वेटोळंच नाही तर रंग कुठून येणार? कांदा तळताना तो गोडसर होतो आणि बिर्याणीवरच्या कांद्याला तो खमंग तपकिरी रंग येतो, त्याचंही मूळ या साखरांमध्ये आणि त्यांच्या अमिनो आम्लांशी होणाऱ्या प्रक्रियेत आहे. एकाच नमुन्यावर ही चाचणी करून थांबू नका. ‘रंग आला नाही’ हेही निरीक्षणच असतं, आणि त्याला अर्थ येतो तो शेजारी रंग आलेली बशी असेल तरच.

दुसरी बैठक: भिंत डोळ्यांनी बघणं

या बैठकीला सगळ्यात जास्त वेळ द्या. घाई केली की हमखास बिघडते.

कांदा उभा चार भाग करून चिरा. आतल्या एका मांसल पाकळीची खोलगट बाजू वर करा. ब्लेडनं नखाएवढा चौकोन हलक्या हातानं कापा आणि चिमट्यानं एक कोपरा उचला. बटरपेपरसारखी पारदर्शक पापुद्र्याची पट्टी सुटून येईल. तिला लगेच पाण्याच्या बशीत टाका, कारण हवेत ती वळकटी होते आणि मग सरळ करताना फाटते.

स्लाइडवर पाण्याचा एक थेंब, त्यावर पट्टी सपाट. मग पातळ केलेल्या बीटाडीनचा एक थेंब. कव्हरस्लिप वरून आडवी आदळू नका. एक कड टेकवून, तिरकी धरून, सुईच्या आधारानं हळूहळू निजवा. तरीही एखादा बुडबुडा राहतोच. तो कसा ओळखायचा हे आत्ताच शिका: काळीकुट्ट जाड कड, आत एकदम चकचकीत, आणि आकार बिनचूक गोल. नव्यानं बघणाऱ्यांपैकी निम्मे जण पहिल्यांदा बुडबुड्याचीच आकृती काढतात आणि वर ‘केंद्रक नाही’ अशी तक्रारही करतात.

सुरुवात सगळ्यात कमी वर्धनापासून. विटांच्या भिंतीसारखी लांबट चौकटींची रांग दिसेल. त्या चौकटी म्हणजे पेशीभित्तिका, सेल्युलोजच्या. १६६५ साली रॉबर्ट हूकनं बुचाच्या कापात अशाच चौकटी बघितल्या आणि त्यांना साधूंच्या खोल्यांवरून नाव दिलं. पण त्याला दिसल्या त्या मेलेल्या, रिकाम्या खोल्या. तुमच्या कांद्यात बिऱ्हाड आहे. वर्धन वाढवा: प्रत्येक पेशीत पिवळट तपकिरी ठिपका दिसेल, बहुधा कडेला चिकटलेला. ते केंद्रक. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राउननं आमरांच्या पेशींत बघून त्याला नाव दिलं.

केंद्रक मध्यभागी का नाही? कारण मधली जवळजवळ सगळी जागा रिक्तिकेनं, म्हणजे पाण्याच्या मोठ्या पिशवीनं व्यापलेली असते. पेशीद्रव्य, केंद्रक, सगळा संसार तिनं भिंतीकडे ढकललेला. हाफ फ्रायची आकृती इथंच मोडीत निघते.

आता माप काढा. कमी वर्धनावर स्लाइडच्या जागी पारदर्शक मोजपट्टी ठेवा आणि दिसणाऱ्या गोलाचा व्यास किती मिलिमीटर आहे ते लिहा. समजा ४ मिलिमीटर आला आणि लांबीच्या दिशेनं १३ पेशी मावल्या, तर एकेक पेशी साधारण ०.३ मिलिमीटरची. तुमचा आकडा वेगळा येईल. कांद्यानुसार, पाकळीनुसार बदलतो. वहीत तुमचाच लिहा.

शोधूनही न सापडणाऱ्या गोष्टींची कल्पना आधीच असलेली बरी. हरितलवकं दिसणार नाहीत, कारण कांदा जमिनीखाली अंधारात वाढतो. ती बघायची असतील तर मत्स्यालयातल्या हायड्रिलाचं पान घ्या. रायबोझोम साध्या सूक्ष्मदर्शकात कधीच दिसत नाहीत; ते २० ते ३० नॅनोमीटरचे, आणि प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाची मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास. आंतर्द्रव्यजालिकेची, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्याची, ती सुबक घडी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची देणगी आहे. पण एक गोष्ट पुस्तकात नसते आणि इथं दिसते. आयोडीन न घालता, नुसत्या पाण्यातली पट्टी ४०० पट वर्धनावर दोन-तीन मिनिटं टक लावून बघा. भिंतीलगत बारीक कण सरकताना दिसतील, जणू अरुंद गल्लीतून एका मागोमाग एक सायकली. तो पेशीद्रव्याचा प्रवाह. जिवंतपणा डोळ्यांनी बघायची अशी संधी फार कमी वेळा येते. आयोडीन घातलं की ती जाते. रंग चढतो, पेशी मरते.

तुलनेसाठी स्वतःच्या गालाच्या पेशी घ्या. चूळ भरा, टूथपिकच्या बोथट टोकानं गालाच्या आतून हलकेच खरवडा, स्लाइडवर पसरवा, चिमूटभर मिठाच्या पाण्याचा थेंब, मग मेथिलीन ब्लूचा छोटा थेंब. पारोशा रुमालासारख्या चुरगळलेल्या, वेड्यावाकड्या पेशी, मध्ये गडद निळं केंद्रक. बाहेरची भित्तिका नाही म्हणून चौकट नाही. टूथपिक दुसऱ्याला देऊ नका, आणि निळा रंग ओट्यावर सांडू देऊ नका. तो आठवडाभर जात नाही.

तिसरी बैठक: भिंतीतून कोण जातं, कोण नाही

कोशिंबिरीत मीठ शेवटी घालावं, नाहीतर पाणी सुटतं, हे घरात प्रत्येकाला माहीत असतं. हे पाणी नेमकं कुठून सुटतं ते आज बघायचं.

लाल कांद्याच्या मांसल पाकळीची बाहेरची, फुगीर, जांभळी बाजू घ्या. मागच्या वेळी आतली घेतली होती, हा फरक विसरू नका. ब्लेडनं छोटा चौकोन कापून रंगीत पापुद्रा सोलून काढा. स्लाइडवर पाण्यात ठेवा, कव्हरस्लिप निजवा. पेशी काठोकाठ गुलाबी-जांभळ्या दिसतील. हा रंग रिक्तिकेतल्या रसात विरघळलेला आहे, म्हणून आयोडीनची गरज नाही. कांद्यानं स्वतःच रिक्तिका रंगवून दिली आहे.

आता १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे दोन सपाट चहाचे चमचे मीठ विरघळवा. कव्हरस्लिपच्या डाव्या कडेला या पाण्याचे दोन थेंब सोडा आणि उजव्या कडेला टिश्यूपेपरचा तुकडा टेकवा. तो जुनं पाणी शोषतो आणि मीठपाणी आत ओढलं जातं. डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून ठेवा. दोन ते पाच मिनिटांत रंगीत भाग कोपऱ्यांतून सुटायला लागेल आणि आक्रसत पेशीच्या मध्यात जाईल. चौकट मात्र जागच्या जागी.

एका नजरेत दोन भिंती वेगळ्या झाल्या. बाहेरची सेल्युलोजची भित्तिका, ताठ, मिठाला आणि पाण्याला दोघांनाही वाट देणारी. आतलं पटल, लवचीक, पाणी सहज जाऊ देणारं आणि मिठाला अडवणारं. बाहेर मीठ जास्त म्हणून पाणी बाहेर गेलं. पुस्तकात याला बहिःपरासरण आणि आक्रसण्याला रससंकोच म्हणतात. आणि रंग? तो बाहेर आला नाही, उलट दाटला. रंगाच्या रेणूंना पटलातून वाट नाही.

लगेच उलट करा. त्याच पद्धतीनं साधं पाणी आत ओढा. रंगीत भाग फुगून पुन्हा भिंतीला टेकेल. दहा-पंधरा मिनिटं मिठात ठेवलं असेल तर कदाचित नाही टेकणार, कारण काही पेशी एव्हाना मेलेल्या असतात.

मग या बैठकीतला सर्वांत बोलका प्रयोग: तसाच एक रंगीत पापुद्रा उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढा आणि मीठपाण्याचा प्रयोग पुन्हा करा. आता काहीच आक्रसत नाही, रंगही धुऊन जातो. चौकट शाबूत, पण आतली भिंत फाटलेली. बीट उकडताना ते सालासकट का उकडतात, हे आता सांगता येईल. लोणच्यात मीठ भरपूर का लागतं, तेही: फोडीतलं पाणी बाहेर काढायचं, आणि चुकून पडलेल्या जिवाणूंमधलंसुद्धा.

जाता जाता: जांभळ्या पापुद्र्यांचं पाणी उकळून दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू, दुसरीत सोडा. लिंबानं गुलाबी, सोड्यानं हिरवट. कांद्याच्या पेशीतला रस मुळात गुलाबी दिसतो यावरून रिक्तिका आंबट असते हे ओळखता येतं.

चौथी बैठक: विकर, आणि रडण्याचं कारण

विकर म्हणजे रासायनिक प्रक्रिया झपाट्यानं घडवून आणणारी प्रथिनं. व्याख्येपेक्षा फेस बरा. तीन ग्लासांत ३ टक्के पेरॉक्साइड समान घ्या. पहिल्यात कच्च्या बटाट्याचा तुकडा, दुसऱ्यात तेवढाच कच्चा पण बारीक किसलेला, तिसऱ्यात तेवढाच दहा मिनिटं उकडून गार केलेला. पहिल्यात बुडबुडे, दुसऱ्यात फसफसून फेस, तिसऱ्यात शांतता.

बटाट्यातलं कॅटॅलेज हे विकर पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. एक रेणू सेकंदाला लाखो रेणू फोडतो. किसल्यावर फेस वाढला, कारण जास्त पेशी फुटल्या आणि भिंतीआडचं विकर मोकळं झालं. उकडल्यावर थांबला, कारण विकराची घडी उसवली. साखळी तुटलेली नाही, फक्त घडी मोडली. अंडं उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही, त्यातलाच प्रकार. पेशी मेली तरी विकर काम करू शकतं हे १८९७ साली एडुआर्ड बुखनरनं दाखवलं: यीस्टच्या पेशी चिरडून, गाळून घेतलेल्या रसानं साखर आंबवली. या कामाला १९०७ चं नोबेल मिळालं. आंबवायला ‘जीवनशक्ती’ लागते हा समज तिथं संपला.

आता डोळ्यांतलं पाणी. कांद्याच्या पेशीद्रव्यात गंधकयुक्त, बिनवासाचे रेणू असतात. अलिनेज नावाचं विकर रिक्तिकेत. चिरल्यावर दोघांची भेट होते. त्यातून जे तयार होतं त्यावर दुसरं एक विकर काम करतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू बनतो. हे दुसरं विकर आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. वायू आपोआप बनतो असं धरलं जायचं. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधून काढलं, आणि २०१३ मध्ये याच कामाला आधी हसवणारं, मग विचार करायला लावणारं इग नोबेल मिळालं.

पडताळायचं असं. एकाच पोत्यातले, सारख्या आकाराचे तीन कांदे. एक तसाच, दुसरा तीन तास फ्रीजमध्ये, तिसरा न सोलता पंधरा मिनिटं उकळलेला आणि पूर्ण गार केलेला. एकाच व्यक्तीनं, एकाच सुरीनं, पंखा बंद करून, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती घेत चिरायचे. डोळे चुरचुरायला किती सेकंद लागले ते दुसऱ्यानं घड्याळावर बघून लिहायचं. उकळलेला रडवणार नाही. फ्रीजमधला उशिरा रडवेल.

इथं एक खोच आहे. थंडीत विकर मंदावतं हे खरं, पण थंड वायू हवेत उडतोही कमी. त्यामुळे उशीर का झाला याचं श्रेय एकट्या विकराला देऊ नका. या प्रयोगातून ती दोन कारणं वेगळी काढता येत नाहीत. उकळलेल्या कांद्याबाबत मात्र ही अडचण नाही, कारण तो गार करून चिरला आहे. वेळ असेल तर धारदार आणि बोथट सुरीची तुलनाही करा. बोथट सुरी पेशी कापत नाही, चिरडते, म्हणजे जास्त खोल्या फुटतात.

पाचवी बैठक: शेवटची खोली उघडणं

१८६९ साली जर्मनीत ट्युबिंगेनला फ्रीडरिख मीशर हा तरुण दवाखान्यातल्या बँडेजवरचा पू धुऊन पांढऱ्या पेशी गोळा करत होता. त्यांच्या केंद्रकांतून त्याला प्रथिनांसारखा न वागणारा, फॉस्फरस असलेला पदार्थ मिळाला. त्यानं नाव दिलं न्यूक्लिन. आज आपण त्याला डीएनए म्हणतो. आपल्याला पू नको, कांदा पुरे.

अल्कोहोलची घट्ट बंद बाटली आदल्या रात्रीच फ्रीजरमध्ये ठेवा.

अर्ध्या कप पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि दोन चमचे भांड्यांचं लिक्विड, फेस न करता मिसळा. एक मध्यम कांदा जाडसर चिरून मिक्सरमध्ये पाच सेकंद फिरवा. पाचच. डीएनएचे धागे प्रचंड लांब असतात, पातं जास्त फिरलं की त्यांचे तुकडे होतात. चटणी करायची नाही.

भरड आणि साबणपाणी एकत्र करून भांडं गरम पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. पाणी ६० अंशांच्या आसपास हवं. थर्मामीटर नसेल तर उकळतं आणि साधं पाणी निम्मं-निम्मं मिसळा. या पंधरा मिनिटांत काय चाललंय ते आता तुम्हीच सांगू शकाल. पटल स्निग्ध पदार्थाचं, आणि साबण तेलकट ताटाशी जे करतो तेच इथं करतो. पेशीचं पटल आणि केंद्रकाचं पटल दोन्ही विरघळतात. उष्णतेनं डीएनए कुरतडणारी विकरं निकामी होतात. यानंतर भांडं लगेच बर्फात ठेवून पाच मिनिटं गार करा. जास्त वेळ गरम राहिलं तर डीएनएही तुटतो.

चहाच्या गाळणीत स्वच्छ मलमलचं फडकं घालून गाळा. पिळू नका, निथळू द्या. गाळलेला रस अरुंद काचेच्या ग्लासात तिसऱ्या हिश्श्यापर्यंत घ्या. ग्लास तिरका धरून, कडेवरून, थेंबाथेंबानं तेवढंच थंडगार अल्कोहोल ओता. ते वर वेगळा थर करून थांबायला हवं. धसमुसळेपणा केला तर दोन्ही मिसळतात आणि सगळी मेहनत गढूळ पाण्यात. मग दहा मिनिटं ग्लासाला हात लावू नका.

दोन थरांच्या सीमेवर पांढरट, कापूस पिंजल्यासारखे धागे वर चढू लागतील. मिठाचं काम इथं कळतं. डीएनएच्या कण्यावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे धागे एकमेकांना दूर लोटतात आणि पाण्यात विरघळून राहतात. मिठातला सोडियम तो प्रभार झाकतो, अल्कोहोल पाण्याची संगत कमी करतं, आणि धागे एकमेकांना चिकटून डोळ्यांना दिसू लागतात. बांबूच्या काडीवर गुंडाळून ते उचलता येतात.

हे शुद्ध डीएनए आहे असं मात्र कुणाला सांगू नका. त्यात पेक्टिन (पेशीभित्तिकेतला चिकट पदार्थ) आहे, प्रथिनं आहेत, आरएनए आहे. केळ्याच्या प्रयोगात तर जो भरघोस गोळा निघतो त्यात पेक्टिनचा वाटा मोठा असतो. कांद्याच्या बाजूनं एक गोष्ट आहे: त्याच्या जनुकसंचात सुमारे १६०० कोटी आधारजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, असतात, माणसाच्या सुमारे ३०० कोटी. कांदा आपल्या पाचपट गुंतागुंतीचा आहे म्हणून नव्हे. त्यातला बराचसा भाग पुन्हा पुन्हा आलेला, जनुकं नसलेला मजकूर आहे. केंद्रकात इतकं सामान कशाला, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञ एकमेकांना अजून कांद्याचंच नाव घेऊन विचारतात.

धागे आलेच नाहीत तर क्रमानं तपासा: अल्कोहोल पुरेसं थंड होतं का, ७० टक्क्यांचं पातळ सॅनिटायझरवालं तर नव्हतं ना, मीठ घातलं होतं का, मिक्सर किती वेळ फिरला. माझा अनुभव असा, की दहातल्या सात वेळा दोष अल्कोहोलचा असतो.

आलेले धागे छोट्या बाटलीत त्याच अल्कोहोलमध्ये बुडवून झाकण घट्ट लावलं तर फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने टिकतात. बाटली खाण्याच्या पदार्थांपासून लांब, मुलांचा हात न पोचेल अशी ठेवा. आणि तिच्यावर ठळक चिठ्ठी लावा: कांद्याचा डीएनए, तारीख, ‘व्हिनेगर नव्हे’.